दबलेल्या मणक्यावरील सुईद्वारे उपचार : इतिहास आणि पुरावा

प्रस्तावना

पाण्याची कळशी उचलताना, अंथरूण घालताना किंवा नुसते वाकून जमिनीवरची वस्तू घेताना एखाद्या वृद्ध स्त्रीच्या पाठीत एकाएकी कळ येते. घरातली मंडळी ‘उसण भरली’ म्हणतात, बाम चोळला जातो, शेक दिला जातो आणि काही आठवड्यांत दुखणे कमी झाले की विषय संपतो. प्रत्यक्षात अनेकदा पाठीचा एखादा मणका दबलेला असतो. मणक्याच्या अशा अस्थिभंगांपैकी साधारण एक तृतीयांशच डॉक्टरांच्या नजरेस येतात, असे वैद्यकीय पाहण्यांतून दिसून आले आहे. उरलेले ‘वयोमानानुसार चालायचेच’ या सदरात जमा होतात.

प्रस्तुत लेखात या अस्थिभंगावर १९८४ नंतर रूढ झालेल्या दोन उपचारांचा, म्हणजे व्हर्टिब्रोप्लास्टी आणि बलून कायफोप्लास्टी यांचा, इतिहास मांडला आहे. या दोन्ही उपचारांत पाठ उघडावी लागत नाही. कातडीतून सुई किंवा बारीक नळी घालून मणक्यात सिमेंट भरले जाते. हा इतिहास केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुरता नाही. हजारो रुग्णांना गुण आलेला दिसत असतानाही तो गुण त्या उपचारामुळेच आला हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. विज्ञान, इतिहास आणि सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला हा प्रश्न आपल्या विषयात कधी ना कधी भेटतोच.

व्याधीचे स्वरूप

मणक्याचा पुढचा भाग एखाद्या लहान डब्यासारखा असतो. बाहेर हाडाचे पातळ पण टणक कवच आणि आत स्पंजासारखी जाळी. शरीराचे वजन प्रामुख्याने ही जाळी पेलते. वय वाढते तशी, आणि स्त्रियांमध्ये विशेषतः मासिक पाळी थांबल्यानंतर, ही जाळी विरळ होत जाते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. जाळी विरळ झालेला मणका किरकोळ भारानेही पुढच्या बाजूने दबतो आणि पाचरीच्या आकाराचा होतो. असे दोन-तीन मणके दबले की उंची कमी होते, पाठीला बाक येतो, छाती व पोट यांना जागा कमी पडते.

रजोनिवृत्ती आणि हाडांचा ठिसूळपणा यांचा संबंध अमेरिकेतील फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये स्पष्टपणे मांडला. हाडांची घनता मोजून ऑस्टिओपोरोसिस कशाला म्हणावे याची सर्वमान्य व्याख्या मात्र जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये केली.

पुढील विवेचनाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. अशा अस्थिभंगाची तीव्र वेदना बहुसंख्य रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरते. काहींचे दुखणे लांबते, काहींना ते अंथरुणाला खिळवून ठेवते. परंतु ‘आपोआप कमी होणारे दुखणे’ हीच या इतिहासातील सर्वांत मोठी अडचण ठरली आहे.

पूर्वपीठिका : कणा सरळ करण्याचे जुने प्रयत्न

वाकलेला किंवा मोडलेला कणा सरळ करण्याची धडपड फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहात रुग्णाला शिडीला बांधून, उलटे टांगून हिसका देण्याच्या पद्धतीचे वर्णन येते. त्या ग्रंथकर्त्याने याच ठिकाणी दिलेला इशारा लक्षणीय आहे. या पद्धतीने कोणाचा कणा सरळ झालेला आपल्या माहितीत नाही, आणि बघ्यांच्या गर्दीला थक्क करू पाहणारे लोकच ती अधिक वापरतात, असा त्याचा आशय आहे. उपचाराचा देखावा आणि उपचाराचा परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान इतके जुने आहे.

सुश्रुतसंहितेत पाय, कंबर व पाठीच्या कण्याच्या भंगासाठी रुग्णाला फळीवर बांधून निजवण्याचा म्हणजे ‘कपाटशयना’चा उपाय सांगितला आहे. कुर्तुबा येथील अबुल कासिम अल-जहरावी (९३६ ते १०१३) यांनी ‘अल-तसरीफ’ या ग्रंथाच्या शस्त्रक्रियाविषयक तिसाव्या प्रकरणात मणके सरकल्यास रुग्णाला फळीवर ताणून ते बसवण्याची रीत दिली. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपीय शल्यविद्येत तो कित्येक शतके वापरात राहिला.

हे सर्व उपाय बाहेरून कण्याला ताण देण्याचे होते. आतले हाड दिसण्याची सोय १८९५ मध्ये क्ष-किरणांच्या शोधानंतर झाली. त्यापूर्वी, १८९१ मध्ये, जर्मन शल्यविशारद हेर्मान क्युमेल यांनी किरकोळ मार लागल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मणका खचत गेल्याच्या घटना केवळ रुग्ण तपासून नोंदवल्या होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नाचे लोरेन्झ ब्योलर यांनी पाठ मागे ताणून प्लास्टरचे जाकीट चढवण्याची आणि नंतर व्यायामाची शिस्त रूढ केली. अपघातग्रस्त तरुणाला हे सोसत असे. सत्तरीच्या वृद्धेला ते सोसणारे नव्हते. पाठ उघडून पट्ट्या व स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया पुढे विकसित झाली, पण ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही. त्यामुळे विश्रांती, वेदनाशामके आणि कमरपट्टा एवढेच वृद्धांच्या वाट्याला उरले. ही पोकळी लक्षात घेतल्याशिवाय पुढील उपचाराचे इतके स्वागत का झाले हे समजत नाही.

ॲक्रिलिक सिमेंटचा प्रवास

मणक्यात भरले जाणारे सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. न फुटणारी पारदर्शक काच म्हणून हाच पदार्थ १९३० च्या दशकात बाजारात आला. दंतवैद्यक कवळ्यांसाठी तो वापरू लागले. १९५८ मध्ये इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ या दंतसाहित्यतज्ज्ञाच्या सल्ल्याने कृत्रिम खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात पक्का बसवण्यासाठी त्याचा उपयोग केला. खुबा बदलण्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया या सिमेंटवर उभा राहिला.

हे सिमेंट पूड आणि द्रव एकत्र कालवून तयार करतात. कालवताना त्याला उग्र वास येतो, ते तापते आणि काही मिनिटांत दगडासारखे घट्ट होते. तो उग्र वास पुढे एका महत्त्वाच्या प्रयोगात कामी आला, म्हणून त्याची येथे नोंद केली आहे.

आमिआँ, १९८४

उत्तर फ्रान्समधील आमिआँ येथील विद्यापीठ रुग्णालयात १९८४ मध्ये ५४ वर्षांची एक स्त्री मानेच्या असह्य वेदनांनी दाखल झाली. तिच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होती आणि तिने मणका आतून पोखरला होता. मेंदूशल्यविशारद पिएर गालिबेर आणि क्ष-किरणतज्ज्ञ एर्वे देरामाँ यांनी सुईवाटे त्या पोकळीत ॲक्रिलिक सिमेंट भरले. वेदना थांबली. असेच आणखी काही रुग्ण झाल्यावर १९८७ मध्ये त्यांनी एका फ्रेंच नियतकालिकात प्राथमिक टिपण प्रसिद्ध केले. व्हर्टिब्रोप्लास्टीचा हा जन्म होय.

येथे लक्षात घ्यावे की मूळ उपचार रक्तवाहिन्यांच्या गाठीवर होता, वृद्धापकाळातील ठिसूळ हाडांवर नव्हता. पोखरलेल्या मणक्याला आधार मिळून वेदना थांबते, तर दबलेल्या मणक्यातही ती थांबावी, हा पुढचा विचार होता. फ्रान्समध्येच १९८० च्या दशकाच्या अखेरीस कर्करोगाने आणि ऑस्टिओपोरोसिसने खचलेल्या मणक्यांवर तो अमलात आला. रुग्णाला पालथे निजवायचे, जागेवर भूल द्यायची, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत मणक्याच्या मागील खांबातून सुई आत न्यायची आणि काही मिलिलिटर सिमेंट सोडायचे, अशी ही कृती आहे. रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतो.

अमेरिकेतील प्रसार आणि फुग्याची पद्धत

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९३ पासून हा उपचार सुरू केला. मेरी जेन्सन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये २९ रुग्ण आणि ४७ दबलेले मणके यांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे ९० टक्के रुग्णांना २४ तासांत आराम पडल्याचे त्यात नोंदवले होते. या लेखाने अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांचे लक्ष वेधले. त्याच्या लेखकांत डेव्हिड कॅल्म्स हे एक नाव होते. ते पुढे पुन्हा येणार आहे.

दरम्यान कॅलिफोर्नियातील अस्थिशल्यविशारद मार्क रायली यांनी वेगळी कल्पना पुढे आणली. हृदयाच्या रोहिणीत फुगा फुगवून ती रुंद करतात, तसा दबलेल्या मणक्यात फुगा फुगवून मणका आधी उचलायचा आणि तयार झालेल्या पोकळीत सिमेंट भरायचे. यासाठी १९९४ मध्ये कायफॉन ही कंपनी स्थापन झाली आणि १९९८ मध्ये त्या फुग्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. हीच बलून कायफोप्लास्टी. मणक्याची उंची परत मिळेल, बाक कमी होईल आणि पोकळीत भरल्यामुळे सिमेंट कमी पाझरेल, असा तिचा दावा होता.

धोकेही समोर येऊ लागले. सिमेंट मज्जारज्जूच्या नलिकेत पाझरल्यास पायांची शक्ती जाऊ शकते. शिरांतून फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येऊ शकतो. अशा घटना क्वचित घडत असल्या तरी २००२ मध्ये अमेरिकी प्रशासनाने त्यांविषयी जाहीर सूचना काढली. त्या वेळी कोणतेही सिमेंट मणक्यात भरण्यासाठी म्हणून अधिकृतपणे मान्य झालेले नव्हते. कायफोप्लास्टीपुरती तशी मान्यता २००४ मध्ये आली. तोपर्यंत डॉक्टर खुब्यासाठीचे सिमेंट स्वतःच्या जबाबदारीवर वापरत होते.

नवे औषध बाजारात आणायचे तर त्याची तुलनात्मक चाचणी द्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या नव्या कृतीला असे बंधन नव्हते, आणि उपकरणांचे नियम औषधांहून सैल होते. परिणामी या उपचाराचा प्रसार तुलनात्मक पुराव्याच्या कितीतरी पुढे गेला. व्यापाराचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. २००७ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने कायफॉन सुमारे ३९० कोटी डॉलरला विकत घेतली. रुग्णांना गरज नसताना रात्रभर रुग्णालयात ठेवून सरकारी विम्यातून जादा रक्कम घेण्यास रुग्णालयांना उद्युक्त केल्याच्या आरोपावरून २००८ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी ७.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

२००९ : दिखाऊ उपचाराशी तुलना

रुग्ण वेदना असह्य झाल्यावर येतो, म्हणजे ती शिखरावर असताना येतो. त्यानंतर काहीही केले तरी ती बहुधा उतरतेच. शिवाय यंत्रे, पडदा, सुई आणि डॉक्टरांचा विश्वास यांचा मनावर परिणाम होतो. हे दोन्ही परिणाम वेगळे काढायचे तर एका गटाला खरा उपचार आणि दुसऱ्या गटाला हुबेहूब दिसणारा पण सिमेंटविरहित दिखाऊ उपचार द्यावा लागतो. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगावर सोपवावे लागते. गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर असा प्रयोग अमेरिकेत झाला होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १८० रुग्ण होते आणि खरी शस्त्रक्रिया दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नव्हती.

व्हर्टिब्रोप्लास्टीवर असे दोन प्रयोग ऑगस्ट २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. पहिल्याचे प्रमुख मेयो क्लिनिकचे डेव्हिड कॅल्म्स होते. ज्या उपचाराच्या प्रसारात त्यांचा स्वतःचा हातभार होता, तोच त्यांनी कसाला लावला. दुसऱ्याच्या प्रमुख मेलबर्नच्या रेचेल बुखबाइंडर होत्या.

कॅल्म्स यांच्या प्रयोगातील दिखाऊ उपचाराचे तपशील बोलके आहेत. रुग्णाला शस्त्रक्रियागृहात नेले जाई, कातडीला आणि हाडाच्या आवरणाला भूल दिली जाई, पाठीवर दाब दिला जाई आणि सिमेंटच्या द्रवाची कुपी उघडून त्याचा उग्र वास खोलीत पसरू दिला जाई. फक्त सुई मणक्यात जात नसे. रुग्ण मिळवणे सोपे नव्हते. मूळ योजना २५० रुग्णांची होती, ती आवरती घ्यावी लागली. अखेर अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील केंद्रांत मिळून १३१ रुग्ण सहभागी झाले. त्यांपैकी ६८ जणांना सिमेंट मिळाले, ६३ जणांना मिळाले नाही.

एका महिन्यानंतर दोन्ही गटांत वेदना आणि दैनंदिन हालचालींतील अडचण सारख्याच प्रमाणात कमी झाली होती. मेलबर्नच्या ७८ रुग्णांच्या प्रयोगातही सहा महिन्यांपर्यंत कोणत्याही टप्प्यावर सिमेंटचा वेगळा लाभ दिसला नाही. दोन्ही ठिकाणी रुग्णांना बरे वाटले होते, हे महत्त्वाचे. त्यांची सुधारणा खोटी नव्हती, पण तिचे श्रेय सिमेंटला देता येत नव्हते.

नंतरचा वाद

या निष्कर्षांनी मोठी खळबळ उडाली. अमेरिकेत व्हर्टिब्रोप्लास्टीचे प्रमाण घटले. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये तिचा सरकारी खर्च थांबवला. विरोधकांचे आक्षेपही निराधार नव्हते. प्रयोगांत कित्येक महिन्यांपूर्वीचे अस्थिभंगही घेतले होते. रुग्णसंख्या कमी होती. हाडाच्या आवरणाजवळ दिलेली भूल हाच एक उपचार ठरू शकतो, असेही म्हटले गेले. पहिल्या प्रयोगातील दिखाऊ गटातल्या रुग्णांनी नंतर खरा उपचार मागण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा बरेच अधिक होते, याकडेही बोट दाखवले गेले.

दिखाऊ उपचार नसलेल्या, म्हणजे कोणाला काय मिळाले हे सर्वांना ठाऊक असलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र अनुकूल होते. कायफोप्लास्टीवरची ३०० रुग्णांची चाचणी २००९ मध्ये आणि व्हर्टिब्रोप्लास्टीवरची २०२ रुग्णांची डच व बेल्जियन चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. दोन्हींत नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक आराम आढळला. पैकी पहिलीचा खर्च फुगा बनवणाऱ्या कंपनीने केला होता.

ताज्या अस्थिभंगाचा आक्षेप तपासण्यासाठी आणखी दोन दिखाऊ-उपचार चाचण्या झाल्या. सिडनीतील चाचणीत (२०१६) सहा आठवड्यांच्या आतील, तीव्र वेदना असलेले १२० रुग्ण होते. चौदा दिवसांनी वेदना दहापैकी चारच्या खाली येण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ४४ टक्के, तर दिखाऊ गटात २१ टक्के होते. उलट नेदरलँड्समधील १८० रुग्णांच्या चाचणीत (२०१८) असा फरक आढळला नाही. त्याच वर्षी कॉक्रेन संस्थेच्या एकत्रित आढाव्याने नेहमीच्या वापरासाठी या उपचाराला आधार नसल्याचे म्हटले. धोरणेही एकसारखी नाहीत. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ मध्ये ताज्या अस्थिभंगाने तीव्र वेदना होत असलेल्या आणि अन्य उपायांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी दोन्ही उपचारांना मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये अगदी ताज्या अस्थिभंगापुरता व्हर्टिब्रोप्लास्टीचा खर्च पुन्हा मंजूर केला. कर्करोगाने खचलेल्या मणक्याचा प्रश्न वेगळा आहे. तेथे वरील निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत.

भारतीय संदर्भ

भारतात दबलेल्या मणक्याचा विचार करताना क्षयरोग विसरता येत नाही. कण्याच्या या विकारातून येणारा बाक आणि पायांचा लुळेपणा यांचे वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले आणि आपल्याकडे तो आजही आढळतो. संसर्ग झालेल्या मणक्यात सिमेंट भरणे निषिद्ध आहे. त्यामुळे ‘वय झाले, मणका दबला, सिमेंट भरा’ असा सरळ हिशेब येथे घातक ठरू शकतो. आधी निदान, मग सुई, हा क्रम पाळावा लागतो.

दुसरा मुद्दा प्रतिबंधाचा आहे. एक मणका दबल्यावर वर्षभरात साधारण पाचपैकी एका स्त्रीचा दुसरा मणका दबतो, असे २००१ मधील अभ्यासात आढळले. सिमेंटने हाडांचा मूळ ठिसूळपणा जात नाही. याउलट अलेंड्रोनेट या गोळीने नव्या अस्थिभंगांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे १९९६ मध्ये, तर वर्षातून एकदा शिरेवाटे देण्याच्या झोलेड्रोनिक ॲसिडने ते तीन वर्षांत ७० टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये दिखाऊ औषधाशी तुलना करूनच सिद्ध झाले. तरीही मणका दबलेल्या अनेक स्त्रियांना ही औषधे मिळत नाहीत, कारण मुळात अस्थिभंग झाला हेच कोणाला कळलेले नसते.

निष्कर्ष

१. व्हर्टिब्रोप्लास्टी वेगळ्या व्याधीसाठी जन्मली आणि वृद्धांच्या वेदनेवर दुसरा प्रभावी उपाय नसल्यामुळे झपाट्याने पसरली. तिच्या मागे रुग्णांची खरी निकड होती. त्या निकडीबरोबर पुढे व्यापारही आला.

२. रुग्ण बरा झाला आणि उपचारामुळे बरा झाला, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले डोळ्यांना दिसते, दुसरे सिद्ध करावे लागते. या फरकासाठी २००९ चे दोन प्रयोग वर्गात शिकवण्याजोगे आहेत.

३. स्वतः रुजवलेल्या पद्धतीची कठोर परीक्षा घेण्याचे कॅल्म्स यांचे उदाहरण संशोधकीय प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ आहे.

४. नेहमीच्या वापराला आधार नाही आणि ताज्या, तीव्र वेदनेच्या निवडक रुग्णांबाबत पुरावा परस्परविरोधी आहे, अशी आजची स्थिती आहे. दोन्ही बाजूंच्या ठाम घोषणा तिच्याशी जुळत नाहीत.

५. घरातील वृद्ध स्त्रीची उंची कमी झाली, पाठीला बाक आला किंवा किरकोळ कारणाने पाठीत तीव्र कळ आली, तर ती वयावर न ढकलता तपासून घ्यावी. पहिला दबलेला मणका वेळीच ओळखला तर दुसरा वाचवता येतो, आणि त्यासाठीच्या उपायांचा पुरावा सिमेंटच्या पुराव्याहून कितीतरी भक्कम आहे. ही माहिती वर्गातील विद्यार्थ्यांच्या हस्ते त्यांच्या घरी पोहोचवणे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे.